मुंगीचा तिसरा पाव

बंदर वसतिगृह,
दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर बोलताना मुंगी तुझ्या कोपराला चिकटून उभी असते, आणि मला लिहायचंय ते तिच्याबद्दलच. माझ्या सहा वर्षांच्या पोरीला ऐकू नये ते आधी ऐकू येतं.

शाळेच्या तपासणीत उंचीच्या मानाने तिचं वजन फार भराभर वाढतंय असं निघालं, हे तू सांगितल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तू पाठवलेला फोटोही पाहिला. मी निघताना घेऊन दिलेल्या निळ्या फ्रॉकची बटणं पाठीवर लागत नाहीत. इथल्या मैत्रिणी म्हणाल्या, किती गुटगुटीत, किती गोड. गोड आहेच. पण जिना चढताना मध्येच बसते, हेही तूच सांगितलंस ना?

क्रेन चालवायचं माझं शिक्षण बरं चाललंय. क्रेनच्या केबिनमधून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, मग घरची मुंगी आठवते. आमचे उस्ताद म्हणतात, माझा हात हलका आहे, कंटेनर अंडं ठेवावं तसा ठेवते.

रागावू नकोस, पण विचारते, ती खाते तरी काय? तिचे बाबा जहाजावर, मी इथे, म्हणून सगळा भार तुझ्यावर. खाली दुकान, वर घर, आणि वहिनी गेल्यापासून तुझं जेवण म्हणजे नुसतं उरकणं. अशात पोरीच्या हातात पाव, बिस्किटं, रसाची बाटली दिली की काम भागतं, हे मला कळतं. इथे वसतिगृहात मुलांना ठेवायची सोय आहे. झेपत नसेल तर मोकळेपणानं सांग, मी तिला घेऊन येते.

माझा लोभ तुला ठाऊक आहे. आज तो काळजीच्या आवाजात बोलला, एवढं समजून घे.

तुझी,
धाकटी


दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग मी चहा केला, आणि चहाबरोबर राग गिळून टाकला. तू लहानपणी साखरेच्या डब्यात बोट घालून वर मलाच मार खायला लावायचीस, ते मात्र आठवून ठेवलंय.

मुंगीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण आहेत, पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकतात. सगळं तपासलं, आजार काही नाही. त्यांचं म्हणणं असं की वजन उतरवायच्या मागे लागायचं नाही. पोर उंच होतंय, तोवर वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ. उपाशी ठेवायचं नाही. पाव, भात, बटाटा साफ बंद करायचा नाही, फक्त त्यांनी ताटात कोपऱ्यात बसायचं. अर्धं ताट भाज्यांचं, जोडीला अंडं, मासा किंवा कडधान्य. पाव आणायचा तर कोंड्यासकट पिठाचा. गोड पेयं बंद, तहान लागली की पाणी. तिच्या वजनावरून तिच्यादेखत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आणि घरातल्या मोठ्यांनीही हेच जेवायचं, असं म्हणून बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

रसाच्या बाटल्या बंद केल्या. दोन दिवस तोंड फुगलं, मग उतरलं. पण एक कोडं सुटत नाही. माझा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला. काटा भलतंच दाखवायला लागला की गिऱ्हाईक मालाला नाहीतर मला शिव्या घालतं. मी आधी काटा ज्या फळीवर ठेवलाय ती सपाट आहे का बघतो. मुंगीच्या बाबतीतही ती फळी कुठली, ते मला बघायचंय. कारण बघ, शाळेतून डबा अर्धा परत येतो. शेजारच्या शिंपीणबाईंनी बिस्किट दिलं तर ते त्यांच्या मांजराला घालते. पण घरी माझ्यासमोर दोन पाव खाल्ले की तिसरा मागायचाच. तोही कोरडा, लोण्याशिवाय, चिमणीसारखा टोचत टोचत. भुकेलं माणूस असं खातं का?

कळलं की कळवतो. तोवर माझ्यावरचा लोभ काटकसरीनं का होईना, चालू ठेव.

तुझा,
दादा


बंदर वसतिगृह,
दि. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंचं वाचून जिवात जीव आला. पण कोडी सोडवत बसायला आपल्याला वेळ आहे का? तिसरा पाव मागते, तर घरात पाव आणूच नकोस. बांबूच नसेल तर बासरी कशी वाजेल! बाई साफ बंद नको म्हणाल्या, मान्य. शाळेच्या डब्यात एक असू दे. पण तुझ्या टेबलावर नको.

काल माझं लक्ष नव्हतं आणि कंटेनर आपटला. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. उस्तादांनी स्वतः जाऊन कंटेनरचे कोपरे तपासले, ते जास्त लागलं. सारखं वाटतं, मी इथे लोखंड उचलायला शिकतेय आणि तिकडे माझी पोर जिन्यात धापा टाकत बसलीय. मार्चमध्ये रजा मिळेल. तेव्हा तिला घेऊन यावं, असं मी जवळपास ठरवलंय. वसतिगृहाच्या बाईंशी बोलूनही ठेवलं. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे. पण डोळ्यांसमोर असली की निदान बघता तरी येईल.

भांडण वाटलं तर भांडण समज, पण लोभ खरा आहे.

तुझी,
धाकटी


दि. २ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कोडं सुटलं. सावकाश वाच.

तू म्हणालीस तसा टेबलावरचा पाव बंद केला. पहिल्या दिवशी थोडी रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मग काकडी दे. दिली. एकेक चकती उन्हाला धरून बघत, कडा कुरतडत खात बसली. पुढच्या दिवशी मटाराच्या शेंगा मागितल्या आणि एकेक शेंग सोलून एकेक दाणा तोंडात टाकत राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला पाव नको होता. जे खायला वेळ लागतो, ते हवं होतं.

आडून आडून विचारलं, तर सांगेना. शेवटी सरळ विचारलं, की पोट भरल्यावरही का मागतेस. तिने शेंगेवरून नजर उचलली नाही. म्हणाली, "माझं संपलं की तू लगेच उठतोस."

मी म्हटलं, खाली काम असतं. तर म्हणाली, "आणि पहिले दोन पाव माझे असतात. तिसऱ्यातलं तू घेतोस."

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू आठवलं. तुझ्यापासून काय लपवायचं? तुझी वहिनी गेल्यापासून त्या टेबलाशी दोन ताटं मांडायला माझा हात होत नाही. मुंगीला वाढतो आणि समोर बसतो. आपलं नंतर खाऊ म्हणतो, आणि खाली गेलो की राहून जातं. पण ती तिसरा पाव घेऊन रेंगाळली की बोलता बोलता माझा हात तिच्या ताटात जातो, एक तुकडा मोडतो, तोंडात टाकतो. माझं मला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. मला चार घास जावेत म्हणून ती पोर रोज भुकेशिवाय जेवत होती.

त्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला.

तिला न्यायचं तर ने, तुझा हक्क आहे. मी अडवणार नाही. एवढं वाचून ठरव, इतकंच.

लोभाबद्दल आज काही मागत नाही. पुष्कळ मिळाला.

तुझा,
दादा


बंदर वसतिगृह,
दि. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर केबिनमध्ये वाचलं. खाली येईपर्यंत वाऱ्याने डोळे कोरडे केले, म्हणून कुणाला कळलं नाही.

मुंगीला नेत नाही. रजेत मीच चार दिवस येते. पण एक अट आहे, आणि ती डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या पथ्यांहून कडक आहे. तुझ्या जेवणाची जबाबदारी तिच्या डोक्यावरून काढ. तिला शब्दांत सांग, की ती जेवो न जेवो, बसो न बसो, मामा जेवणार. आणि मग खरंच जेव. तिला थापा पटत नाहीत, ती माझ्यावर गेलीय. पावही पुन्हा टेबलावर येऊ दे, बिचाऱ्याचा दोष नव्हता.

पोर तुझ्याकडे ठेवली ती तू तिला सांभाळावंस म्हणून. कोण कुणाला सांभाळत होतं, ते आता नको विचारायला.

तुम्हा दोघांवर माझा लोभ आहे, वाटून घ्या. भांडू नका.

तुझी,
धाकटी


दि. १४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलीस त्यानंतरची हकीकत अशी. आता दोन ताटं मांडतो. पहिले काही दिवस हात अडखळला. मुंगीला आधी माझ्या बोलण्याचा भरवसा नव्हता. स्वतःचं जेवण बाजूला ठेवून माझ्या ताटाची झडती घ्यायची, घास मोजायची. मी कोबी कडेला सारला तर डॉक्टरीणबाईंचं नाव घ्यायची. तिसरा पाव तिने नंतर मागितला नाही. कधी दुसराही अर्धा ठेवते.

सगळं सुरळीत आहे असं समजू नकोस. शिंपीणबाईंच्या धाकटीच्या वाढदिवसाला केकचे दोन तुकडे खाल्ले आणि मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, छान होता ना, मग झालं तर. परवा तपासणीला नेलं. उंची बोटभर वाढलीय, वजन होतं तिथेच आहे. बाई खूश होत्या. माझंही वजन केलं, मी नको म्हणत असताना. ते थोडं वाढलंय, आणि त्यावरही त्या खूशच होत्या.

आज दुपारचं सांगतो आणि पुरं करतो. घेवडा आणि अंडं होतं. मुंगीने आपलं ताट पुसून काढलं, खुर्चीवरून उतरली आणि उठू का म्हणून विचारलं. खाली मुली दोरीवरच्या उड्या खेळत होत्या. मी हो म्हणायच्या आत जिन्यात तिची पावलं वाजली. माझ्या ताटाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मी बसून राहिलो. माझं निम्मं जेवण व्हायचं होतं. खालून दोरी जमिनीला लागल्याचा आवाज येत होता. सावकाश सगळं संपवलं आणि मग उठलो.

लोभ वाढत जावो. तेवढं एक वजन वाढायला हरकत नाही.

तुझा,
दादा