हात न पसरता बँकॉक

वाघोली, रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय धोंडिबादादा यास धाकटी बहीण हिरा हिचा मनापासून जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावतोस, की बाटली खिडकीत ठेवून नुसता तिच्याकडे बघतोस? कानाचं यंत्र डब्यातून काढून कानात घाल, म्हणजे मला पत्रं लिहावी लागणार नाहीत. परवा फोनवर तीनदा ओरडून सांगितलं की मी बँकॉकहून आले, तर तू तीनदा “बरं बरं, जेवून घे” म्हणालास आणि फोन ठेवलास. समोर येऊनच सांगितलं असतं, पण वाघोलीहून खडकवासल्याला तुझ्याकडे यायचं म्हणजे तीन बसा आणि साडेतीन तास, तेही उभ्याने. बँकॉक चार तासांत येतं आणि बसायला जागा मिळते. म्हणून हे चौथी पास हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. (पाकिटावरचा पत्ता नात दीक्षाने लिहिलाय, पोस्टमनने काय पाप केलंय.)

दादा, मी जिंकले! कशात ते विसरला असशील तर आठवण देते. जायच्या आधी तू आमच्याकडे आला होतास आणि सूनबाई आम्रपालीच्या हातची तिसरी भाकरी मोडताना सगळ्यांदेखत म्हणाला होतास, “हिरे, तिकडे पैसा पाण्यासारखा जातो. दोन दिवसांत लेकापुढे हात पसरशील. न पसरता परत आलीस तर पुढच्या खेपेला मी येतो, पासपोर्ट काढून.” आम्रपाली साक्षीदार आहे. ती भाकरीही मोजत होती.

आता पैशांचं ऐक. येरवड्याला पस्तीस वर्षं भाजी विकली, तेव्हापासूनच्या भिशीतले तीस हजार माझे स्वतःचे होते. प्रज्ञेश म्हणाला, आई, तुला तिकडे पैसे कशाला, काय हवं ते मला सांग, मी घेऊन देतो. लेक गुणाचा आहे, पण त्याला कळत नाही की सांगावं लागतं हेच तर दुखणं आहे. एखादी पिशवी नुसती आवडली म्हणून घ्यावी आणि कुणी “कशाला” विचारू नये, एवढीच माझी हौस. मग घरात आठवडाभर चर्चा. हे पैसे तिकडे न्यायचे कसे? प्रज्ञेश म्हणाला, सगळीकडे माझं क्रेडिट कार्ड, खराडीत आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात. दीक्षा म्हणाली, आधी पैसे भरून घ्यायचं परदेशी कार्ड. तू सांगितलंस, नोटा परकराच्या नेफ्यात शिवून घे. (तुझा सल्ला ऐकून दीक्षा जमिनीवर बसून हसली, पण नेफ्याचं पुढे येतंच आहे.) शेवटी माझी आणि प्रज्ञेशची पैज लागली. ज्याचे पैसे वरच्या चार्जेसमध्ये जास्त जातील त्याने महिनाभर घरादाराला चहा करून द्यायचा.

मी म्हटलं, आपण बाजारातली बाई, आपण भाव विचारायचा. दीक्षा मला कॅम्पात पैसे बदलणाऱ्यांकडे घेऊन गेली. तिथे मी आपला जुना प्रश्न टाकला. मार्केट यार्डात नवा आडत्या गोड बोलायला लागला की मी तोच टाकायचे: हा माल मला केवढ्याला देतोस, आणि हाच माल मी आत्ता उलटा तुला विकला तर केवढ्याला घेशील? मधलं जे अंतर, ते त्याचं पोट. नोटांचं पोट मोठं निघालं, कार्डाचं जरा लहान. म्हणून कार्ड घेतलं. विमानतळावर तर मजाच. तिथे मोठा बोर्ड, कमिशन नाही म्हणून. मला विकत काहीच घ्यायचं नव्हतं, पण राहवेना. कोट घातलेल्या बाईंना विचारलं, एक बाट (तिकडचा रुपया) केवढ्याला? तीन रुपये दहा पैसे. आणि मी विकला तर? दोन रुपये वीस पैसे. अगं बाई! उभ्या उभ्या नव्वद पैसे! एवढी तर कोथिंबीरही सुकत नाही. त्या म्हणाल्या, आजी, आमच्याकडे कमिशन नाही हो. मी म्हटलं, असू दे बाई, तुमची आडत भावातच बसलीय, तिला बोर्डावर यायची गरज काय! मागच्या रांगेतले दोघं निमूट निघून गेले. प्रज्ञेश मात्र आपला मला ओळखत नसल्यासारखा पाण्याचा नळ बघत होता.

बँकॉकला उतरलो. तिकडे मशीनमधून पैसे काढायचे तर दर खेपेला दोनशेवीस बाट कापतात, शंभर काढा नाहीतर दहा हजार. दीक्षाला वाईट वाटलं, मला आनंद झाला. हा तर टेंपोवाल्याचा हिशेब! एक पाटी न्या नाहीतर वीस न्या, भाडं तेच. मग कोण वेडा एकेक पाटी नेतो? मी म्हटलं, सगळे एकदम काढ. तेवढ्यात मशीनने विचारलं (दीक्षाने वाचून दाखवलं) की तुम्हाला रुपयांत हिशेब करून देऊ का? दादा, मला एकदम आडत्याचा कारकून आठवला. “मावशी, तुम्ही कशाला डोकं शिणवता, मी करून देतो की हिशेब.” तो हिशेब नेहमी त्याच्या बाजूलाच झुकायचा. मी ओरडले, नको म्हण त्याला! आमचं आम्ही बघू! मशीनने मुकाट दहा नोटा दिल्या, हजार-हजाराच्या, कोऱ्या करकरीत. त्या मी परकराच्या त्याच खिशात ठेवल्या ज्यात पस्तीस वर्षं भाजीचे पैसे राहिले. (तुझा नेफा नाही, पण शेजारीच.)

आणि आमचे प्रज्ञेश साहेब? रेशमाच्या दुकानात आम्रपालीसाठी दोन ओढण्या घेतल्या. तिथल्या मशीननेही तेच विचारलं आणि हा म्हणाला, रुपयांत कळायला सोपं, आणि दाबलं बटण. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला. दीक्षाने हिशेब काढला: एका बटणाला सहाशे रुपये, वर बँकेचे वेगळे; माझं सगळं मिळूनही एवढं गेलं नव्हतं. इतका शिकला, पण मार्केट यार्डात एक दिवस उभा राहिला नाही, त्याचं हे फळ. आता रोज सकाळी तोच चहा करतोय. पातळ करतो, पण मी नावं ठेवत नाही, फक्त दुसरा मागते.

दादा, काय सांगू, मी बाजार फिरले! तिकडे माझ्याच वयाची एक आंबेवाली होती. भाषा कुणालाच येईना. ती कॅल्क्युलेटरवर आकडा टाकायची, मी खोडून निम्मा टाकायची, ती कपाळावर हात मारायची, मी निघाल्यासारखं करायची. पाच मिनिटं हे चाललं. शेवटी तिने सुटे द्यायला कमरेचा बटवा काढला आणि मी माझा खिसा दाखवला. दोघी इतक्या हसलो की बाकीच्या बायका बघायला आल्या. एक आंबा तिने वर फुकट घातला. पिशवी घेतली, निळी, काहीच कारण नसताना. कुणी “कशाला” विचारलं नाही.

वहिनीला जयभीम सांग. तिच्यासाठी घेतलेला पंखा माझ्याकडे आहे, हाताने हलवायचा.

तुझी जिंकलेली बहीण,
हिरा

ता. क. – सहा हजार बाट उरलेत. परत येताना विमानतळावर विकणार होते, पण त्यांचं पोट तुला सांगितलंच आहे. सध्या ते ज्वारीच्या डब्यात आहेत. मी खूप विचार केला. ते वाया न घालवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग एकच, आपण दोघांनी परत जाऊन खर्च करणं. तेव्हा आधारकार्ड, दोन फोटो आणि शाळेचा दाखला घेऊन या नाही, पुढच्या मंगळवारी ये, दीक्षा पासपोर्टचा फॉर्म भरणार आहे. जन्मतारीख एक जून असली तरी लाजू नकोस, आपली अख्खी आळी एक जूनलाच जन्मली. कानाचं यंत्र आण.

आणखी ता. क. – दीक्षाने पत्र वाचलं. पुढचं लिहिल्याशिवाय पेटीत टाकणार नाही म्हणते. पहिल्याच दिवशी, मशीनमधून पैसे काढल्यावर, बाजारातल्या संडासापाशी बाईने पाच बाट मागितले. माझ्याकडे सगळ्या हजाराच्या. तिने नोट बघितली, मला बघितलं आणि मान हलवली. मला घाई होती, दादा. प्रज्ञेश बाहेरच उभा होता. मी हात पुढे केला. पगारवाढ झाली तेव्हाही तो इतका खूश झाला नव्हता. त्याने आधी फोटो काढला, मग नाणं दिलं. तो फोटो तुला दाखवायला तो टपलाच आहे, म्हणून आधी मीच सांगते. पण मंगळवारी यायच्या आधी नीट विचार कर: मी पैसे मागितलेच नव्हते. मी सुटे मागितले होते.