आबा, तुम्ही ठेवलेलं नाव

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही आणि आज भांडायलाच बसलेय. पण दुसऱ्या कुणाला सांगू? तुमची नात आठ दिवस शाळेत गेलेली नाही. पोटात दुखतंय म्हणत होती. मीही ओवा देत बसले, येडी.

आज तिच्या वर्गशिक्षिकांनी बोलावून घेतलं. शाळेत यायची तेव्हाही मधल्या सुट्टीत अनुजा डबा खायची नाही म्हणे, जिन्याखाली एकटी बसायची. वहीच्या मागच्या पानावर तिनं लिहिलंय, 'मी कुणालाच आवडत नाही.' आठवीतली पोर, आबा.

बारशालाच तिचे गाल बघून तुम्ही तिला 'ढब्बू' म्हणालात. आपल्या मंगळवार पेठेत धड नावानं कोण कुणाला हाक मारतं? चेष्टा केली नाही तर माणूस परकं वाटतं आपल्याला. आल्यागेल्याला तुम्ही सांगायचात, "पावणं, ही आमची ढब्बू. तीन भाकरी खाती. हाय का न्हाय वाघीण?" तीही खुशीत चौथी मागायची. तेव्हा ती पाच वर्षांची होती. कधीतरी थांबायला हवं होतं ना आपण?

पण तुम्हाला एकट्याला कशाला बोलू? खरी माती मीच खाल्ली. यंदा गॅदरिंगला ती नाचायला स्टेजवर आली आणि फुटबॉलच्या मॅचला ओरडावं तशी मी ओरडले, "ढब्बू, एकच नंबर!" सगळा हॉल हसला. मीही हसले. तिचे पाय तिथंच अडखळले होते, ते मला आज आठवतंय. दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग तिला त्याच नावानं चिडवायला लागला.

तुमचे जावई म्हणतात, "पोरं चेष्टा करत्यातच की. त्याला डॉक्टर कशाला?" मी नाही ऐकणार. मनाच्या डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतलीय. ती येईल का? आली तरी बोलेल का? आणि मलाच फार उशीर झाला असेल तर?

मघाशी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन मी हळूच हाक मारली, "अनुजा." आतून घाबरा आवाज आला, "आई, मी काय केलं?" खऱ्या नावानं आपण तिला फक्त रागावतानाच बोलावलं, आबा.

शब्द देते तुम्हाला. आजपासून मी तिला याच नावानं हाक मारीन, दिवसातनं पन्नास वेळा, ती न घाबरता ओ देईपर्यंत.

तुमची,
शैला