नवे पंखे, तीन आकडे आणि संत लूकाची मेणबत्ती

गोर्न्या ब्रेझा, ९ ऑक्टोबर

प्रिय कुम वुकाशिन यास तिहोमिरचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझी कंबर सरळ असावी, ल्युबिंका वहिनींचं ब्लडप्रेशर ताब्यात असावं आणि तुमच्या चाचाकच्या घराचं धुराडं साफ झालेलं असावं, अशी मनापासून इच्छा. (धुराड्याचं काम तू दर वर्षी नोव्हेंबरपर्यंत ढकलतोस आणि मग वहिनी खोकत बसतात. मी कोण सांगणारा, पण सांगितलं.) इकडे देसांका ठीक आहे. मी ठीक आहे. माझ्या लग्नात साक्षीला उभं राहून तू आमचा कुम झालास आणि पुढे जिचं नाव तू ठेवलंस, ती आमची लेक नेवेना ऑस्ट्रियात ग्राट्सच्या इस्पितळात ड्यूट्या करते आहे आणि फोनवर दर वेळी तुझीच चौकशी करते. मी तिला तुझं उत्तम चाललंय असं सांगतो. ते खरं आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नाही.

दोन वर्षांत तुझा फोन नाही, चिठ्ठी नाही, तेव्हा मी नमतं घेऊन आधी लिहितोय असं मात्र समजू नकोस. मी तांत्रिक सल्ल्यासाठी लिहितोय. तू एकतीस वर्षं टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त केलेस, आणि या गावात तारेचं एक टोक दुसऱ्यापासून ओळखेल असा माणूस उरलेला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. एकतीस तारखेला संत लूकाचा दिवस, म्हणजे आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, आमचा स्लावा. आता स्लावाला कोणी कोणाला बोलावत नसतं, हे मी तुला शिकवायला नको. ज्याला यायचं तो येतो. ज्याला यायचं नसतं तो (गेल्या वर्षीसारखा) येत नाही. स्लावाचं बोलावणं धाडणारा यजमान या मुलखात अजून जन्माला आलेला नाही, आणि तो पहिला मान मी सत्तराव्या वर्षी घेणार नाही. तेव्हा हे आमंत्रण नव्हे. हे पत्र ड्रोनबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या स्लावाचा तो दिवस मी पुन्हा उगाळत नाही. (उगाळायचाच झाला तर इतकंच, की नेवेनाला त्या वर्षी सुट्टी मिळाली नव्हती आणि लेकीला घरचं टेबल वरून दिसावं म्हणून मी ड्रोन दिवाणखान्यात उडवला. तू म्हणालास, "तिहोमिरा, खाली घे ते, ही स्लावाची मेणबत्ती आहे, फुटबॉलचं मैदान नाही." मी म्हणालो, "तू तुझी सार्मा खा." मग प्रसादाच्या गव्हावरची पिठीसाखर उडून फादर गावरिलोंच्या दाढीत गेली आणि मेणबत्ती विझली. माझ्या वडिलांपासूनची परंपरा, वीस पाहुणे उभे, आणि मेणबत्ती विझली. तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो की तू नुकताच अंगणातून आलास, दार उघडं टाकलंस आणि आरपार वाऱ्याने मेणबत्ती गेली. सगळी दुखणी आरपार वाऱ्यानेच येतात असं मानणारा आपला मुलूख, तेव्हा सगळ्यांना पटलंच. माझ्या आत्याने लगेच मानेला शाल गुंडाळली. तू टोपी घेतलीस आणि निघून गेलास.) ते असो. तो विषय संपला.

तर ड्रोन. ड्रोन तोच आहे, पण पंखे बदलले. जुन्या पंख्यांना काही झालं नव्हतं, तडा नव्हता, खाचही नव्हती. फक्त ते नजरेसमोर नको झाले होते, म्हणून काढले. नवे घेतले ते बोटभर जास्त लांब आणि मऊ. दुकानदार म्हणाला, हे सावकाश फिरतात, वारा कमी मारतात. मला वाटलं, पंखे लावले की झालं. जोडे बदलले म्हणून माणूस थोडाच बदलतो. पण पहिल्याच उड्डाणात तो कमरेइतका वर गेला आणि हुडहुडी भरल्यासारखा थरथरायला लागला. कॅमेऱ्यात आपल्या चर्चचा मनोरा दह्याच्या कवडीसारखा हलत होता. कोंबड्या दोन दिवस अंडी देईनात. (देसांका म्हणते, त्या आधीपासूनच देत नव्हत्या. मी नोंद ठेवली आहे.)

मग मी तार जोडली, लॅपटॉप उघडला आणि पुस्तिका वाचली. असं आहे, की या यंत्राच्या पोटात तीन आकडे असतात आणि पंखे बदलले की तिन्ही नव्याने बसवावे लागतात. पहिला आकडा म्हणजे ड्रोन जरा कलला तर त्याने किती जोरात उलट उसळायचं. हा जास्त झाला की तो उसळतो, पलीकडे जातो, पुन्हा इकडे उसळतो आणि त्यातच अडकतो. दुसरा आकडा म्हणजे कोणी एकाच बाजूला ढकलत राहिलं तर ते लक्षात ठेवायचं, आणि जितका काळ जाईल तितकं जास्त हट्टाने तोंड द्यायचं. तिसरा आकडा ब्रेकचा. उसळी हाताबाहेर जाण्याआधीच आवरायची.

हे सगळं मी देसांकाला नीट समजावून सांगितलं. ती लाल मिरच्या भाजून सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पहिला आकडा तू, दुसरा वुकाशिन. तिसरा तुम्हा दोघांतही बसवलेला नाही." तांत्रिक चर्चा मी तिथेच थांबवली.

पहिला आकडा कमी करून, दुसराही (काटकसर म्हणून) कमी करून मी पुन्हा उडवला. थरथर थांबली. पण बाबा, वाऱ्याची झुळूक आली तशी हा शहाणा काही विरोध न करता तिच्याबरोबर चालू लागला. मी इकडे कळ दाबतोय, तो तिकडे कुंपण ओलांडतोय. शेजारच्या मिलोयेकडे त्या दिवशी आलुबुखारांची दारू गाळायचं काम चाललं होतं, सहा माणसं भट्टीभोवती बसली होती, आणि ड्रोन त्यांच्यामधून शांतपणे जाऊन आंबवलेल्या फळांच्या पिंपात बसला. मी पोचलो तेव्हा कोणी उठलंसुद्धा नव्हतं. मिलोये फक्त म्हणाला, "तिहोमिरा, तुझ्या पाहुण्याने घाई केली. अजून आठवडाभराने तयार होईल ते."

ड्रोन धुतला, चुलीशेजारी वाळत घातला, आणि मग सहाही जणांनी मला सल्ला दिला. मिलोयेने ट्रॅक्टर दुरुस्त केलेला आहे, तो म्हणाला, पहिला आकडा दुप्पट कर. रादोसाव वनखात्यात होता, तो म्हणाला, दुसरा काढूनच टाक, झाडांना दुसरा आकडा नसतो. प्रत्येकाने आपलं म्हणणं एकेका पेल्यानिशी मांडलं. मी छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या आहेत, मला ऐकून घ्यायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सल्ल्याची सरासरी काढून उडवला, तर तो सरळ देसांकाच्या वाळत टाकलेल्या चादरीत शिरला आणि त्या चादरीसकट नासपतीच्या झाडावर गेला.

पण त्या भट्टीपाशी एक गोष्ट झाली ती लिहितो. सगळे सल्ले संपल्यावर मिलोये पेल्यात बघत म्हणाला, "वुकाशिन असता तर पाच मिनिटांत लावून दिलं असतं त्याने." जरा वेळाने त्याने विचारलं, "यंदा येईल का रे तो?" मी म्हणालो, "स्लावाला बोलावत नाहीत." तो म्हणाला, "हो, ते आहेच," आणि त्याने भट्टीत आणखी दोन लाकडं सारली.

शेवटी आकडे देसांकाने लावले. यंत्राला हात न लावता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तिला कानाने कळतं. मी एक आकडा बदलायचा, उडवायचा, आणि आतून आवाज यायचा, "अजून कुरकुरतोय." "आता रुसलाय." "आता बरा आहे, पण दमतोय." (दमतोय म्हणाली तेव्हा मोटरींना हात लावून पाहिला, तर चटका बसला. तिसरा आकडा जास्त झाला होता.) चौथ्या दिवशी दुपारी आतून आवाजच आला नाही. ड्रोन नासपतीच्या शेंड्याच्या उंचीवर असा उभा होता की जणू खुंटीला टांगलाय. मी खाली उभा राहून त्याच्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. खोटं कशाला सांगू, वुकाशिना, बरं वाटलं, आणि दाखवायला कोणी नाही म्हणून लगेच वाईटही वाटलं.

त्यानंतर मी एक प्रयोग केला. तो निव्वळ शास्त्रीय आहे. गोठ्यात बादली उपडी ठेवली, तिच्यावर स्लावाला लावतो तशीच जाड मेणबत्ती लावली, दार बंद केलं, फटींत गोणपाट कोंबलं आणि ड्रोन जवळजवळ नेत गेलो. सहा पावलांवर ज्योत सरळ. चार पावलांवर वाकते, पण टिकते. दोन पावलांवर विझते. नव्या, मऊ पंख्यांनीसुद्धा विझते. नऊदा केलं, नऊही वेळा विझली. दार बंद होतं. यावरून काही निष्कर्ष काढण्याची घाई मी करत नाही, फक्त मोजमाप कळवतो.

तर माझा प्रश्न असा. तिसरा आकडा मी आता अठ्ठावीसवर ठेवला आहे. थंडीत, सकाळच्या गार हवेत, तो आणखी एकदोनने कमी करावा का? तुझं मत दोन ओळींत कळव. पोस्टकार्ड चालेल. ल्युबिंका वहिनींना माझा नमस्कार, आणि देसांकाने मिरच्यांच्या चटणीच्या चार बरण्या तुमच्या नावाने वेगळ्या ठेवल्या आहेत. दर वर्षी ठेवते. गेल्या वर्षीच्याही अजून फळीवर आहेत, त्यांना हात लावू देत नाही.

प्रकृतीला जप. धुराडं साफ करून घे.

तुझा
तिहोमिर

ता. क. देसांकाने पत्र वाचलं. म्हणाली, एवढी चार पानं लिहिलीस आणि जे लिहायचं होतं ते गोठ्यात बादलीखाली झाकून ठेवलंस. म्हणून लिहितो. त्या दिवशीची फिल्म माझ्याकडे आहे. ड्रोनने टिपलेलीच. त्याच संध्याकाळी पाहिली होती. तीत सगळं टेबल दिसतं, फादरांची दाढी दिसते, आणि तुझ्या पाठीमागचं दार दिसतं. दार बंद आहे. तू आत आल्यावर कडीसुद्धा लावली होतीस. हे मला दोन वर्षं माहीत आहे. चूक माझी होती, खोटं मी बोललो, वीस माणसांसमोर बोललो. लाज वाटली म्हणून गप्प राहिलो, आणि जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड होत गेलं. दुसरा आकडाही माझाच निघाला.

ता. क. दुसरा. जुनी माणसं म्हणतात, स्लावाची मेणबत्ती मध्येच विझली की घरातलं एक माणूस कमी होतं. मी तेव्हा फादरांना म्हणालो, अंधश्रद्धा आहे. गेल्या वर्षी तुझ्या खुर्चीवर कोणीतरी आपला कोट टाकला. मी तो उचलून खुंटीला लावला. तर तसाच दुसऱ्याने टाकला. दिवसभर मी कोटच उचलत होतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हे आमंत्रण नाही हे वर लिहिलंच आहे. फक्त माहितीसाठी कळवतो: एकतीसला सकाळी दहाला मेणबत्ती लागेल. फादर गावरिलो अकराला येतील, आणि स्लावाचा पाव कापायच्या आधी ती फिल्म मी सगळ्यांना दाखवणार आहे, त्याच वीस माणसांना. ड्रोन घरात येणार नाही. तो बाहेर गिरणीच्या वळणावर हवेत उभा असेल, चाचाककडून येणारा रस्ता दिसतो तिथे. बॅटरी अठरा मिनिटं चालते आणि माझ्याकडे सहा बॅटऱ्या आहेत. अंगणाकडचं दार मी सकाळपासून सताड उघडं ठेवणार आहे. आत्याला सांगून ठेवलंय, शाल घेऊन बस, यंदा दार कोणी लावायचं नाही.