जुना थर्मोस्टॅट उघडला

लितिया,

तू चर्चमधून येशील तेव्हा मी घरी नसेन. सेरूची होडी मागून घेतलीय आणि सेमीच्या मागे निघालोय.

आपल्या होडीचं इंजिन सारखं तापत होतं. तापल्यावर थर्मोस्टॅट उघडला नाही, तर इंजिनात थंड करणारं पाणी फिरत नाही. मला वाटलं तोच अडकलाय, म्हणून काल बदलला. सकाळी सेमी म्हणाला, "दादा, नवा बसवलास ना? मग झालं तर!" आणि आपली लेक वासिती शाळेच्या बेटावर जायला त्याच्याबरोबर होडीत बसली.

ते गेल्यावर चहाच्या उकळत्या पाण्यात मी जुना थर्मोस्टॅट सहज टाकून पाहिला. तो बरोबर उघडला, लितिया. तो बिघडलेलाच नव्हता. इंजिन दुसऱ्याच कशाने तरी तापतंय. आणि मी काठाशी दहा मिनिटं चालवून ठीक आहे म्हणालो. तू म्हणत होतीस, एक लांब फेरी मारून बघ. मी तुझ्यावरच खेकसलो.

मी रेडिओवर हाका मारल्या, पण सेमीला ऐकू जात नाहीये. तू रेडिओजवळून हलू नकोस. सेमीचा आवाज आला, तर सांग, इंजिन लगेच बंद कर आणि नांगर टाक. प्रवाळाच्या रांगेबाहेर गेले असतील, तर तिथे पाणी खोल, नांगर तळाला लागणार नाही. तरी टाक म्हणावं.

विली