नदीपलीकडची चढाई

प्रिय भांडकुदळ,

तुझी प्रशिक्षण केंद्रात बदली झाली तेव्हा मीच म्हणालो होतो, बरं झालं, आता मुख्यालयातल्यांना जरा झोप लागेल. इथलं म्हणशील तर सगळं ठीक आहे. तुझ्यानंतर डिव्हिजन माझ्याकडे आल्यापासून मी वेळेवर जेवतो, पडल्या पडल्या झोपतो. युद्ध चालू असताना डिव्हिजनच्या कमांडरला अशी झोप लागू नये, एवढं मला समजतं. पण समजतं, तेवढंच.

परवा जखमींना भेटायला गेलो. शाळेच्या हॉलमध्ये खाटा मांडल्यात, फळ्यावर अजून कुणीतरी सोडवलेले अपूर्णांक आहेत. प्रत्येकाच्या उशाशी थांबून घरी कोण कोण असतं ते विचारायचं, ही पद्धत तूच लावलेली. खिडकीजवळच्या स्वयंपाक्यानं सांगितलं, आई आणि दोन मुली. फेरी मारून मी परत त्याच्याच खाटेशी आलो आणि तेच विचारलं. त्यानंही तितक्याच आदबीनं पुन्हा सांगितलं, आई असते साहेब, दोन मुली असतात. बाहेर आल्यावर सहायकानं चाचरत लक्षात आणून दिलं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. मी चहा मागवला.

त्याच दिवशी नकाशाच्या खोलीत बैठक झाली. सगळ्यात कनिष्ठानं आधी बोलायचं, मोठ्यांचं ऐकून त्याची जीभ टाळ्याला चिकटू नये म्हणून, हे मी अजून पाळतो. सगळ्यात कनिष्ठ म्हणजे एक नवी आलेली कॅप्टन, ती म्हणाली, नदीपलीकडे आत्ता चढाई केली तर पुढच्या तुकड्यांना परतायला एकच पूल आहे, तो पडला की सगळे अडकले. तिचं बरोबर होतं. मी मान डोलावली, तिचे आभार मानले आणि मुख्यालयातून विचारणा आली तेव्हा योजनेवर सही करून टाकली. पूर्वी अशा वेळी मी वरच्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचो. आपल्याकडे धाडसाचं भारी कौतुक, पण माणसं पाठवणाऱ्याच्या पोटात गोळा यावा लागतो रे, त्याशिवाय तो आणखी एक प्रश्न विचारत नाही. माझ्या पोटात आता काहीच होत नाही.

काल सकाळी मुख्यालयाला फोन केला, चढाई पुढे ढकला म्हटलं. म्हणाले, सही झाली, आता माघार नाही. म्हणून मी कमांड सोडतोय. प्रकृतीचं कारण दिलंय आणि माझ्या जागी तुझं नाव सुचवलंय. तेही मान्य झालंय. कमांडर बदलला की योजना नव्यानं मांडावी लागते, आणि नव्याची सही होईपर्यंत एकही माणूस हलवता येत नाही. ऐन लढाईत शेपूट घातली असं लोक म्हणतील. म्हणू देत, त्याचंही मला काही वाटत नाही, निदान इथं तरी ते उपयोगी पडलं. हे पत्र पोचेल तोवर तुला बोलावणं आलेलं असेल. लवकर ये, आणि सही करू नकोस.

तुझाच,
घुम्या