धाब्यावरचं गवत

१४ मे १९५५
बारामतीहून निरोप. डिपोटीसाहेब पावसाळ्यात शाळा तपासायला येणार. वरचं मातीचं छत, म्हणजे धाबं, गळताना दिसलं तर शाळा बंद, पोरं कालव्यापलीकडच्या गावात. पोरगे जातील. पोरींना कालवा ओलांडू देणार कोण? घरोघर हातापाया पडून जमवल्यात त्या. डोकं फिरलंय.

१९ मे
बिरूआबा आले. शाळा म्हणजे मूळचा त्यांचा कोकरांचा गोठा. भावाला अक्षर यावं म्हणून पहिल्या मास्तरांना देऊन टाकला, कोकरं घरात घेतली. आबांच्या घरच्या म्हणे महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भला माणूस. म्हणाले, "नवी माती घालू की. आमी हाय."

२७ मे
धाब्यावर माती पडली. बायकांनी पाट्या वाहिल्या, बाप्यांनी चोपली. मला गावठाणातली पांढरी माती हवी होती, ती पाणी धरते. आबा म्हणाले, "त्यापरीस आमच्या मेंढवाड्यातली घ्या. मेंढरांनी तुडवल्याली हाय, थेंब जायचा न्हाय." पटलं. घातली.

२५ जून
कपाळ माझं! धाबं हिरवंगार. लेंड्यांतलं बी उगवलं. मुळं खाली गेली की धाबं फुटणार. आबांचं तोंड बघवेना. उपटायला निघालो तर आबा म्हणाले, "नगा गुरुजी, मातीबी निघंल. कोकरं चढवतो."

८ जुलै
डिपोटीसाहेब न सांगता हजर. खाली कविता, वर बें बें.
"ही शाळा आहे का कोंडवाडा?"
मी तोंड उघडायच्या आत आबांची नात गंगू, तिसरीतली, उभी. "सायेब, ती गवत खात्यात. न्हायतर धाबं फुटंल, शाळा जाईल. घरचे आमास्नी कालव्यापल्याड न्हाय धाडायचे."
साहेबांनी तिला धडा वाचायला लावला. घडाघडा वाचला, पान उलटून पुढचाही. थांब म्हणावं लागलं. काय बरं वाटलं मला! साहेब जाताना म्हणाले, "पाऊस सरला की परत येतो. तोवर गळलं नाही तर..."

११ जुलै
कालपासून झड. शाळेत गेलो तर आबा आधीच आत, मान वर. कोपऱ्यात तळहाताएवढी ओल. ठिबकत नाही, पण आहे.
"ऱ्हाईल का, गुरुजी?"
खोटं बोलवेना. ठाऊक नाही म्हणालो.
पोरी आल्या, ओलीखालची जागा सोडून बसल्या. गंगू तिथंच बसली. सरक म्हटलं.
"हितंच बसती. थेंब पडला तर आदी मला कळंल."
रागवणार होतो. जमलं नाही. हजेरी घेतली.