साठ तासांची हजेरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजचं पत्र आलं. आमच्या अकरावीच्या नऊ मुलांनी रुग्णसेवेच्या प्रात्यक्षिकाला किती तास भरले, ते शाळेच्या सहीने शुक्रवारपर्यंत कळवायचं. साठ भरले असतील तर प्रत्येकाला कॉलेजची सहा क्रेडिट. म्हणजे शाळेत असतानाच एक पाय कॉलेजात, आणि शहरातल्या इस्पितळात मदतनिसाचं काम.

माझ्या वहीत सगळ्यांचे साठ आहेत. सुबक अक्षरात. आणि खोटे!

४ फेब्रुवारी

कसे खोटे, ते इथे तरी लिहावं.

शाळेची जुनी रीत — गाडीने येणारी मुलं उशिरा आली तरी पहिल्या तासाला हजर धरायची. हेडसर म्हणतात, "गाडी रखडते हा काय पोरांचा गुन्हा?" खरंच आहे. तीच रीत मी कॉलेजातल्या शनिवारच्या प्रात्यक्षिकालाही लावली. मी काही तिकडे जात नाही. सोमवारी वर्गात विचारायचं, परवा कोण कोण गेलं होतं? हात वर — तीन तास. गाडी तिथेही पाऊण तास उशिरा पोचते, हे ठाऊक असून. वीस शनिवार. प्रत्येकाचे पंधरा तास नुसतेच कागदावर.

शाळेत उशीर झाला तर एखादी कविता हुकते. तिथे पहिल्या पाऊण तासात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायला शिकवतात.

५ फेब्रुवारी

हेडसरांशी बोलले. "बाई, सही ठोका आणि मोकळ्या व्हा. दुधात पाणी सगळेच घालतात. आपण निदान गाळून घालतो!"

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी आजारी पडलो तर तुझ्या पोरांना बोलावू नकोस बाई, पाडतील मला!" एकटेच हसले.

नऊ जणांतली टाचणी डोळ्यांसमोरून हलत नाही. पोरांनीच ठेवलेलं नाव — अंगाने बारीक, तोंडाने मुकी. तिचे वडील मागे येऊन स्वच्छ सांगून गेलेत. "ते क्रेडिट का काय ते मिळालं तर शिकू दे. नाहीतर तिच्या मावशीचा शिवणकारखाना आहेच." सही केली तर ती सुटते. नाही केली तर —

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खरं लिहिलं. "चूक माझी. गाडी उशिरा पोचत असल्याने नऊही विद्यार्थ्यांचे पंचेचाळीसच तास भरले आहेत. उरलेले सुटीत भरून घ्यायची परवानगी द्यावी."

पाठवण्याआधी वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरचा बडबड्या म्हणाला, "बाई, तुम्ही पण ना! कोण मोजायला बसलं होतं?" मग तोच रडायला लागला. पुढच्या दोघी रडल्या. टाचणी नखाने बाक खरवडत राहिली.

वाटलं होतं, लिहिल्यावर हलकं वाटेल. कुठलं काय!

११ फेब्रुवारी

परवानगी नाही. नऊही जणांची क्रेडिट रद्द. पुढच्या वर्षी पहिल्यापासून.

हेडसर एवढंच म्हणाले, "झालं समाधान?" चुकीचं नव्हतं ना मी केलेलं? हे म्हणतात, नव्हतं. पण हे घरात बसून म्हणतात. मला वर्गात उभं राहायचं असतं.

१३ फेब्रुवारी

आठच मुलं. टाचणी कालपासून नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या सिस्टरांचा फोन. त्यांच्या दाराशी वही असते, आल्याची वेळ मुलं स्वतः लिहितात. आठांचे पंचेचाळीस. टाचणीचे पुरे साठ! ती गाडीने येतच नव्हती. पहाटे दुधाच्या टेम्पोतून यायची, दार उघडेपर्यंत पायरीवर बसायची. "तुम्ही नऊ कसं लिहिलंत, बाई? नवं पत्र द्या, तिचं होऊन जाईल."

तशीच तिच्या घरी गेले. वडील दारातच म्हणाले, "गेली ती मावशीकडे. वर्षभराचा शब्द दिलाय, आता मागे फिरणं नाही." तरी फोन लावून दिला त्यांनी.

"अगं, त्या दिवशी बोलली का नाहीस?"

मागे यंत्रांची घरघर.

"सगळे रडत होते, बाई. मी एकटीच पास, असं कसं म्हणणार?"